ठेंगणा माड लावावा, पण कशासाठी?

सन २०२५ मध्ये नारळ, खोबरे आणि खोबरेल तेल यांचे भाव ज्या वेगाने चढले, त्याची झळ आपल्या अनेक सभासदांना बसली. ज्यांच्या औषधनिर्माणशाळेत केशतैले, नारिकेल खंड किंवा नारिकेल लवण सिद्ध होते, त्यांची तर मोठी ओढाताण झाली. व्यापाऱ्याने आज सांगितलेला भाव उद्या टिकेना आणि वेष्टनावर छापलेल्या किमतीत औषध विकणे परवडेना. तेव्हापासून व्यवसायबंधूंच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. आपणच थोडी जमीन हाती घेऊन ठेंगणे माड लावावेत काय? रोपवाटिकांची रंगीत पत्रके या विचाराला खतपाणी घालीत आहेत. तीन वर्षांत फळ, जमिनीवर उभे राहून तोडणी, चढणाऱ्या माणसाची गरज नाही, अशी आश्वासने त्यांत असतात.

प्रस्तुत लेखक सिंधुदुर्ग जिल्ह्यात सुमारे वीस वर्षे चिकित्सा करीत आहे, एक लहानशी औषधनिर्माणशाळा चालवीत आहे आणि गेली बारा वर्षे घरामागील दहा गुंठ्यांत ठेंगणे माड सांभाळीत आहे. या तिन्ही नात्यांनी आलेल्या अनुभवातून बनलेले मत आरंभीच स्पष्ट सांगतो. ठेंगणा माड वैद्याने अवश्य लावावा. परंतु तो शहाळ्यासाठी लावावा, खोबऱ्यासाठी आणि तेलासाठी लावू नये. हा भेद न ओळखता केलेल्या लागवडीत भांडवल अडकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्या बागेतील फळ चुकीच्या कल्पात गेल्यास औषधाचा दर्जाही उतरतो.

मी ठेंगण्या माडाकडे का वळलो

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरविणारे, पुष्कळ असतात. गुडघे, कंबर, पावलांच्या भेगा आणि छातीवरचे घट्टे घेऊन ते येतात. बारा वर्षांपूर्वी त्यांतील एक वृद्ध पाडेली पावसाने निसरड्या झालेल्या माडावरून पडले. मणक्याचा अस्थिभंग झाला आणि पुढील आयुष्य त्यांनी अंथरुणावर काढले. त्यांच्या शुश्रूषेसाठी मी घरी जात असे. एकदा ते म्हणाले, "माडार चडूक आता कोण गावणा नाय, डॉक्टर." स्वतःच्या वेदनेविषयी ते फारसे बोलत नसत, गावातील माडांचे आता कसे व्हायचे, याचीच त्यांना चिंता होती.

त्यांची चिंता रास्त होती. आमच्या भागात पाडेली न मिळाल्याने नारळ माडावरच सुकून खाली पडतात. शहाळे तर वेळेवर उतरविले नाही, तर शहाळे राहतच नाही. चिकित्सालयात ज्वर, दाह, मूत्रकृच्छ्र यांच्या रुग्णाला ताजे शहाळे सांगावे आणि गावभर माड असूनही ते त्याला मिळू नये, असा प्रसंग अनेकदा आला. हाताला येईल असे शहाळे हवे, या एका हेतूने मी ठेंगणी रोपे आणली. पुढे त्यांच्यापासून खंड आणि लवणही करून पाहिले. तेव्हा काय घडले, ते पुढे सांगतो.

ठेंगणा म्हणजे संकरित नव्हे

बोलण्यात आपण ठेंगणा आणि संकरित हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. तेथूनच गोंधळास प्रारंभ होतो. माडाचे स्वभावतः दोन प्रकार आहेत, उंच आणि ठेंगणा. आपल्या किनाऱ्यावरील बाणवली हा उंच माड होय. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राची 'प्रताप' ही जातही उंचच आहे. ठेंगण्यांत केरळमधील चावक्काड या गावावरून ओळखली जाणारी चावघाट ऑरेंज आणि चावघाट ग्रीन, मलायन यलो, तसेच आंध्र प्रदेशातील गंगाबोंडम या जाती आपल्याकडे परिचित आहेत. उंच आणि ठेंगणा यांच्या संयोगापासून होतो तो संकरित माड. केरसंकर, चंद्रसंकर ही त्याची उदाहरणे कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची आहेत.

उंच माडाच्या एका पोयीत नरफुले आधी उमलून संपतात आणि मादीफुले नंतर ग्रहणक्षम होतात. म्हणून त्यात परपरागीकरण होते. ठेंगण्या माडात हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतात. त्यामुळे त्यात बहुतांशी स्वपरागीकरण होते आणि संतती आईच्या गुणांची निपजते. हे ठेंगण्याचे मोठे बलस्थान आहे. संकरित माडाच्या नारळापासून केलेल्या रोपात हे घडत नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. संकरित माडाचा नारळ बियाण्यास ठेवू नये तो यासाठीच.

ठेंगण्याच्या मर्यादाही येथेच नोंदवितो. तो तीन-चार वर्षांत फुलावर येतो, तर उंच माडास सहा ते आठ वर्षे लागतात. परंतु उंच माड तीन पिढ्यांना फळ देतो आणि ठेंगण्याचे उपयुक्त आयुष्य साधारण निम्मे असते. त्याचे फळ लहान, बहर अनियमित आणि पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती कमी. चावघाट ऑरेंजचे सरासरी उत्पन्न वर्षाला साठ फळांच्या आसपास असते. पत्रकांत छापलेले दोनशे-अडीचशेचे आकडे वाचताना हे ध्यानात असावे.

ग्रंथोक्त गुण कोणत्या नारळाचे?

भावप्रकाशात नारळाच्या अवस्थांचा स्पष्ट विवेक आहे. सामान्यतः नारिकेल फळ शीत, दुर्जर, बस्तिशोधन, विष्टंभी, बृंहण, बल्य आणि वात, पित्त, रक्तदुष्टी व दाह यांचे शमन करणारे मानले आहे. त्यांत कोवळे फळ विशेषतः पित्तज्वर व पित्तदोष यांवर सांगितले आहे. जीर्ण फळ मात्र गुरू, पित्तकर, विदाही म्हटले आहे. नारिकेलजल शीत, हृद्य, दीपन, लघू, तृष्णा व पित्त शमविणारे आणि बस्ती शुद्ध करणारे आहे. म्हणजे एकाच झाडाचे फळ कोवळे असताना पित्त शमविते आणि जून झाल्यावर तेच पित्त वाढविते. आचार्यांनी झाडाच्या उंचीला नव्हे, फळाच्या अवस्थेला महत्त्व दिले.

यात एक ऐतिहासिक भागही आहे. माडाच्या जनुकीय भेदांवरील जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर या दोन प्रदेशांत माड स्वतंत्रपणे लागवडीखाली आला असावा, असा निष्कर्ष निघाला. ठेंगण्या जाती प्रामुख्याने प्रशांत गटाशी जुळतात. यावरून आपल्या ग्रंथकारांच्या नजरेसमोर बहुधा आपल्या किनाऱ्याचा उंच माडच होता, असे मानण्यास जागा आहे. म्हणून ठेंगणा नारळ त्याज्य ठरत नाही. मात्र कल्पात 'नारिकेल' एवढाच शब्द आहे, म्हणून कोणताही नारळ चालेल, हे गृहीत धरणे सदोष ठरते. आपण गुळवेलीचे कांड, शतावरीचे मूळ पारखून घेतो. नारळ मात्र किराणा दुकानातून नगावर घेतो. हा नियम नारळाला का लागू नये?

औषधनिर्माणशाळेतील अनुभव

बाग फळावर आल्यानंतर तिसऱ्या वर्षी ठेंगण्या माडाचे पक्व नारळ साठले. विकत घेण्याचे टळते म्हणून मी त्यांचाच नारिकेल खंड केला. किसलेले खोबरे तुपात परतताना ते ओलसरच राहिले आणि अपेक्षित सुटे, खमंग होईना. गर पातळ असल्याने तितक्याच किसासाठी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक नारळ फोडावे लागले. पाक साधला, तरी खंड सैलसर झाला आणि नेहमीच्या मुदतीपूर्वीच त्याला खवट वास येऊ लागला. ती संपूर्ण घाण मी टाकून दिली.

नारिकेल लवणाच्या वेळी दुसरा धडा मिळाला. पाण्यासह असलेल्या पक्व नारळात सैंधव भरून, वर कपडमाती करून अग्नी द्यावयाचा, ही कृती आपणा सर्वांस ज्ञात आहे. ठेंगण्या माडाच्या लहान नारळात सैंधव कमी मावले. आठांपैकी तीन नारळांची करवंटी तापताना उकलली आणि मिठात राख मिसळली. परिणामशूलाच्या रुग्णाला असे लवण देणे मनाला पटले नाही.

हा माझा मर्यादित अनुभव असला, तरी कृषिशास्त्राचे निरीक्षण त्याला पोषक आहे. ठेंगण्या नारळाचे खोबरे वाळल्यावर चामड्यासारखे चिवट होते आणि खोबरे व तेल यांसाठी ते गौण मानले जाते, हे नारळ उत्पादकांना पूर्वीपासून माहीत आहे. कासरगोडच्या संस्थेनेही चावघाट ऑरेंज ही जात शहाळ्यासाठीच शिफारस केली आहे. केशतैलासाठी वा केरतैलाच्या कल्पांसाठी खोबरेल हवे असेल, तर अकरा-बारा महिन्यांचा, पूर्ण पक्व, उंच किंवा चांगल्या संकरित माडाचा नारळच घ्यावा. तेलाच्या भाववाढीवर उपाय म्हणून ठेंगणा माड लावणे म्हणजे दुधासाठी शेळ्या घेऊन लोकरीची अपेक्षा करण्यासारखे आहे.

चिकित्सालयातील शहाळे

शहाळ्याच्या बाबतीत मात्र ठेंगणा माड आपले मोल पुरेपूर चुकते करतो. चावघाट ऑरेंजच्या एका शहाळ्यात सुमारे ३५० मिली पाणी असते. ते पाणी गोड असते आणि फळ सहा-सात महिन्यांचे असताना त्याची गोडी व प्रमाण दोन्ही उत्तम असतात. वैशाखात मूत्रदाहाचे रुग्ण येतात, तेव्हा मी त्यांना बागेत नेतो आणि पोयीवरून हाताने शहाळे काढून तेथेच पाजतो. उतरविल्यानंतर दिवसेंदिवस रस्त्यावर तापलेले शहाळे आणि हे शहाळे यांतील अंतर रुग्णालाच कळते.

परंतु शहाळ्याचे पाणी म्हणजे निरुपद्रवी पाणी, ही समजूत वैद्याने बाळगू नये. या जातीच्या पाण्यात दर शंभर मिलीमागे सुमारे सात ग्रॅम शर्करा आढळते. म्हणजे एका शहाळ्यातून चोवीस ग्रॅम, अर्थात चहाचे सहा चमचे साखर पोटात जाते. प्रमेही रुग्णाला 'रोज एक शहाळे' असे मोघम सांगताना हा हिशेब करावा. पोटॅशियम दर लिटरला सुमारे दोन ग्रॅम असते, म्हणजे एका शहाळ्यातून सातशे मिलिग्रॅम. निरोगी वृक्क ते सहज बाहेर टाकते. जीर्ण वृक्कविकाराच्या रुग्णात मात्र ते साठून हृदयाची गती बिघडू शकते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही आधुनिक औषधांनी आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या मूत्रल औषधाने शरीरात पोटॅशियम आधीच रोखले जाते.

काही वर्षांपूर्वी पायांना सूज असलेल्या एका वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. 'लघवी साफ होते' म्हणून घरच्या मंडळींनी त्यांना रोज तीन शहाळी चालविली होती. त्यांच्या वृक्कांची कार्यक्षमता उणावली होती, हे कोणास ठाऊक नव्हते. हातपाय गळून गेले होते आणि नाडी अतिमंद होती. मी तातडीने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. सुदैवाने त्या वाचल्या. शहाळ्याचा सल्ला मूळ माझाच होता, दुसऱ्या तक्रारीसाठी, दोन वर्षांपूर्वी दिलेला. मात्रा आणि मुदत मी लिहिली नव्हती. ती चूक मी येथे कबूल करतो. कारण आपल्यापैकी अनेकजण शहाळे असेच, तोंडी आणि मुदतीवाचून, सांगत असतात.

अतिसाराबाबतही एक शब्द. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम अत्यल्प असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत ते लिटरला ७५ मिलिमोल असते. तीव्र अतिसारात शहाळे पूरक ठरेल. जलसंजीवनीची जागा ते घेऊ शकत नाही.

लागवड : जे मला उशिरा कळले

ज्यांना माड लावावयाचे आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट रोपाची. मी 'ऑरेंज' म्हणून वीस रोपे एका रोपवाटिकेतून चढ्या भावाने आणली. त्यांतील सहा रोपांचे देठ नारिंगी नसून तपकिरी-हिरवट होते. मी दुर्लक्ष केले. ती सहा झाडे भराभर उंच वाढली आणि आपण फसलो, असे वाटून मी खिन्न झालो. पुढे चौकशी करता कळले की, ठेंगण्या माडाला शेजारच्या उंच माडाचे पराग लाभले, तर असे नैसर्गिक संकर निपजतात आणि देठाच्या रंगावरून ते रोपावस्थेतच ओळखता येतात. गंमत अशी की, आज माझ्या नारिकेल खंडाला लागणारे दळदार खोबरे याच सहा माडांचे असते. तरीही पैसे ठेंगण्याचे देऊन संकर घ्यावा, असे मी म्हणणार नाही. शहाळ्यासाठी रोप घेताना नारिंगी देठाचे, नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, आखूड व जाड बुंध्याचे निवडावे. शक्यतो कृषी विद्यापीठ, भाट्ये केंद्र किंवा नारळ विकास मंडळाच्या प्रक्षेत्रावरूनच ते घ्यावे. परदेशी नावाला भुलू नये.

दुसरी गोष्ट जमीन व अंतराची. खड्डा एक मीटर लांब, रुंद व खोल घ्यावा. तळाशी नारळाची सोडणे उताणी घातल्यास ओल टिकते. चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे. पावसाळ्याच्या आरंभी रोप लावावे आणि पाणी साचू देऊ नये. उंच माडास साडेसात मीटर अंतर ठेवतात. ठेंगण्यास साडेसहा मीटर पुरते. हेक्टरी हिशेब केल्यास उंच माड सुमारे १७७, तर ठेंगणे सुमारे २३६ बसतात. मात्र ठेंगण्याच्या झावळ्या खाली असल्याने आंतरपिकास उजेड व जागा कमी मिळते. कोकणातील 'लाखी बागे'प्रमाणे दालचिनी, मिरी, जायफळ घ्यावयाचे असेल, तर ते उंच माडांत घ्यावे. सितोपलादीला लागणारी दालचिनी घरची मिळाली, तर औषधनिर्मात्याला तोही आधार होतो.

तिसरी गोष्ट पाणी व खत. ठेंगणा माड तहान सोसत नाही. उन्हाळ्यात ठिबकाने रोज तीस-चाळीस लिटर पाणी आणि आळ्यात झावळ्यांचे आच्छादन हवेच. घाटावरील ज्या सभासदांची विहीर फाल्गुनात तळ गाठते, त्यांनी या फंदात पडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पूर्ण वाढलेल्या माडास वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी कासरगोडची शिफारस आहे. पालाश म्हणजे पोटॅशियमच. ते नत्राच्या दुपटीहून अधिक का लागते, हे वर सांगितलेल्या शहाळ्याच्या पाण्यावरून सहज उमगेल. झाड ज्याची इतकी मागणी करते, ते फळात उतरणारच. खताचे हप्ते करावेत आणि शेणखतात कसूर करू नये.

चौथी गोष्ट कीड. गेंड्या भुंगा कोंब कुरतडतो. त्यासाठी वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत प्रत्येकी २५० ग्रॅम निंबोळी पेंड व तेवढीच वाळू मिसळून घालावी आणि शेणाचा उकिरडा बागेजवळ ठेवू नये. सोंड्या भुंगा जखमेतून शिरतो, म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नयेत. १९९८ पासून दक्षिणेत पसरलेल्या इरिओफाईड कोळ्याचा उपद्रव चावघाट ऑरेंजला तुलनेने कमी होतो. पण २०१६ साली तामिळनाडूत प्रथम आढळलेली रुगोज चक्राकार पांढरी माशी ठेंगण्या जातींवरच अधिक बसते. पानाखाली पांढरी वर्तुळे आणि खालच्या पानांवर काळी बुरशी दिसली की घाबरून विषारी फवारणी करू नये. तिचा नायनाट करणारी एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी फवारणीने आधी मरते. जोरकस पाण्याचा मारा आणि पिवळे चिकट सापळे लावून धीर धरावा. ज्या शहाळ्याचे पाणी आपण ज्वरमुक्त रुग्णाच्या हाती देणार, त्या माडावर विष फवारणे वैद्याला शोभणारे नाही.

एक आक्षेप

एका ज्येष्ठ वैद्यांनी मला विचारले, "वैद्याने रुग्ण तपासावेत की माड शिंपावेत?" त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की, प्रत्येकाने माड लावावा, असा माझा आग्रह नाही. ज्याला जागा व पाणी नाही, त्याने लावू नये. पण नारळ कोठून आला, किती महिन्यांचा आहे, उंच माडाचा की ठेंगण्या, हे विचारण्याचे कर्तव्य कोणाचेच सुटत नाही. द्रव्याची परीक्षा ही चिकित्सेचीच पहिली पायरी आहे. शेतकऱ्यालाही याचा लाभ आहे. ठेंगण्याचे शहाळे वेगळ्या भावाने आणि उंच माडाचा पक्व नारळ वेगळ्या भावाने घेणारे ग्राहक मिळाले, तर तो दोन्ही नीट जोपासेल. आज सर्व नारळ एकाच ढिगात एकाच दराने जातात आणि मग पक्वतेपूर्वीच उतरविण्याकडे कल वाढतो.

सूचना

संघटनेच्या विचारार्थ पुढील सूचना नम्रपणे मांडतो.

१. शहाळे हे औषध समजून व्यवस्थापत्रावर लिहावे : अवस्था, मात्रा, वेळ आणि मुदत. वृक्कविकार, प्रमेह व चालू आधुनिक औषधे यांची चौकशी केल्यावाचून ते देऊ नये.

२. औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाच्या नोंदवहीत नारळासमोर माडाचा प्रकार, फळाचे वय आणि बागेचे ठिकाण हे तीन रकाने घालावेत.

३. खंड, लवण व तैल यांसाठी उंच माडाच्या बागायतदारांशी वर्षाचा करार करावा. चार-पाच फार्मसींनी एकत्र येऊन तो केल्यास भाववाढीचा धक्का सौम्य होईल. तेलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, ठेंगण्या माडात नाही.

४. कोकणातील ज्या सभासदांकडे चिकित्सालयालगत पाण्याची सोय आहे, त्यांनी निदान पाच ठेंगणे माड लावावेत. पाच माडांची वर्षाकाठी सुमारे तीनशे शहाळी एका चिकित्सालयास पुरेशी होतात.

५. नारिकेल खंड व लवण यांत ठेंगणा आणि उंच नारळ वापरून काय फरक पडतो, याची पद्धतशीर तुलना एखाद्या महाविद्यालयाच्या रसशास्त्र व भैषज्यकल्पना विभागाने हाती घ्यावी. माझ्या एका घाणीचा अनुभव हा पुरावा नव्हे. तो केवळ प्रश्न उपस्थित करतो.

ज्या पाडेलींमुळे मी या विषयाकडे वळलो, ते आज हयात नाहीत. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात माझ्या बागेतील पहिल्या पोयीची शहाळी मी त्यांच्याकडे नेली होती. फळ हातात घेऊन, फिरवून त्यांनी माडाची उंची विचारली. मी माझ्या छातीपर्यंत हात लावून दाखविला. ते हसले आणि पाणी प्यायले. असा माड प्रत्येक चिकित्सालयाच्या अंगणात असावा, असे मला मनापासून वाटते. आणि तो नेमका कशासाठी आहे, हे लावणाऱ्याला ठाऊक असावे, असेही. व्यवसायबंधूंनी आपले अनुभव, विशेषतः माझ्याहून वेगळे असल्यास, या अंकाच्या पुढील विचारमंथनासाठी अवश्य लिहून पाठवावेत, ही विनंती.